सत्तावीस वर्षांच्या युद्धाचे टप्पे : सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावरून एक अभ्यास

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना भीमेच्या काठी माचणूर हे गाव लागते. सिद्धेश्वराचे प्राचीन देवालय, नदीचा विस्तीर्ण घाट आणि शेजारचा जुना किल्ला पाहण्यासाठी येथे भाविकांची व प्रवाशांची ये-जा असते. या गावालगतच ब्रह्मपुरी आहे. मोगल बादशहा औरंगजेब याची मुख्य छावणी मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षे, याच परिसरात होती. बादशहाने या स्थानाला 'इस्लामपुरी' असे नाव दिले होते. काबूलपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या साम्राज्याचा कारभार या काळात भीमाकाठच्या या तळावरून चालत होता.

हा इतिहास जिल्ह्यातील अनेकांना ऐकून ठाऊक असतो. परंतु या छावणीचा मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाशी नेमका संबंध काय, बादशहा येथे का राहिला आणि येथून का निघाला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. त्यांची उत्तरे शोधू लागलो म्हणजे इतिहासलेखनातील एका महत्त्वाच्या प्रश्नापाशी आपण येऊन पोहोचतो. दीर्घकाळ चाललेल्या युद्धाचे टप्पे इतिहासकार कसे ठरवतात, हा तो प्रश्न होय.

टप्पे पाडण्याची आवश्यकता

अखंड वाहणाऱ्या काळाला स्वतःच्या सीमारेषा नसतात. त्या अभ्यासकाने आखलेल्या असतात. सत्तावीस वर्षांतील शेकडो लढाया, वेढे, तह, फितुरी आणि दुष्काळ केवळ तारखांच्या क्रमाने मांडले तर त्यांची यादी होईल, इतिहास होणार नाही. कोणत्या घटना एकत्र ठेवावयाच्या आणि कोणत्या घटनेपाशी रेघ ओढावयाची, हे ठरवल्यावरच कार्यकारणभाव दिसू लागतो.

युद्धाची एकताही कधी कधी इतिहासकारालाच सिद्ध करावी लागते. ग्रीसमधील अथेन्स व स्पार्टा यांच्यातील संघर्ष इसवी सनपूर्व ४३१ ते ४०४ असा सत्तावीस वर्षे चालला. मध्यंतरी इ. स. पू. ४२१ मध्ये तह झाला होता. त्यामुळे ही दोन निरनिराळी युद्धे आहेत असे कोणी म्हणू शकले असते. परंतु समकालीन इतिहासकार थुसिडिडीज याने, तहाच्या काळातही वैर थांबलेले नव्हते, असे दाखवून हे एकच युद्ध असल्याचे प्रतिपादन केले. युरोपातील १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाची विभागणी निराळ्या तत्त्वावर केली जाते. सम्राटाविरुद्ध प्रामुख्याने कोण लढत होते, यावरून बोहेमियन, डॅनिश, स्वीडिश आणि फ्रेंच असे त्याचे चार कालखंड मानतात. विभागणीचे तत्त्व बदलले की युद्धाचे चित्रही बदलते, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

प्रचलित विभागणी

मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची आपल्याकडील रूढ विभागणी राज्यकर्त्यांच्या कारकिर्दींवर आधारलेली आहे. छत्रपती संभाजी महाराजांचा काळ १६८१ ते १६८९, छत्रपती राजाराम महाराजांचा काळ १६८९ ते १७०० आणि महाराणी ताराबाईंचा काळ १७०० ते १७०७, असे हे तीन भाग होत. ही विभागणी लक्षात ठेवण्यास सोपी आहे, आणि प्रत्येक काळातील नेतृत्वाचे कर्तृत्वही तिच्यामुळे ठळकपणे पुढे येते.

मोगलांच्या बाजूने पाहणाऱ्यांची विभागणी वेगळी असते. साकी मुस्तैदखान याच्या 'मासिर-इ-आलमगिरी' या फारसी ग्रंथात बादशहाच्या मुक्कामांच्या व कूचांच्या तारखा क्रमाने आढळतात. साहजिकच अशा साधनांवर आधारलेल्या लेखनात बादशहाची छावणी कोठे होती, यावरून काळाचे भाग पडतात. सर जदुनाथ सरकार यांनी औरंगजेबाच्या पाच खंडी चरित्रात दक्षिणेतील युद्धाची मोठी रेघ १६८९ पाशी ओढली. त्यांचा चौथा खंड त्या वर्षापाशी संपतो व पाचवा तेथून सुरू होतो.

राजांच्या कारकिर्दी आणि युद्धाचे टप्पे ही दोन मापे मात्र एकच नव्हेत. कधी ती जुळतात, कधी जुळत नाहीत. केव्हा जुळतात हे पाहण्यासाठी काही कसोट्या हव्यात.

सांधा ओळखण्याच्या कसोट्या

युद्धेतिहासाच्या अभ्यासात साधारणपणे पाच प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, लढणाऱ्यांचा उद्देश बदलला काय? दुसरा, मुख्य रणभूमी बदलली काय? तिसरा, लढण्याची पद्धत बदलली काय? चौथा, पुढाकार कोणाकडे होता, म्हणजे कोण चाल करीत होते आणि कोणाला त्या चालीला उत्तर द्यावे लागत होते? पाचवा, मनुष्यबळ, पैसा व रसद पुरविण्याची व्यवस्था बदलली काय? ज्या सुमारास यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे एकदम बदलतात, तेथे युद्धाचा खरा सांधा असतो. एखादी घटना कितीही हृदयद्रावक वा गाजलेली असली, तरी तिच्यामुळे या उत्तरांत फरक पडला नसेल तर तिला टप्प्याची सीमा मानता येत नाही.

या कसोट्या लावून आता सत्तावीस वर्षांकडे पाहू. सोलापूर जिल्ह्यातील चार ठिकाणे त्यासाठी आपल्याला वाटाड्याप्रमाणे उपयोगी पडतील.

पहिला टप्पा : १६८१ ते १६८९

शाहजादा अकबर १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. त्याच वर्षी औरंगजेब अजमेरहून निघून बुऱ्हाणपुरास पोहोचला आणि मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) दाखल झाला. पुढील दोन-तीन वर्षे मोगलांनी मराठी मुलुखावर अनेक बाजूंनी फौजा पाठविल्या. परंतु त्यांना निर्णायक यश लाभले नाही. नाशिकजवळच्या रामसेज या लहानशा किल्ल्याने केलेला दीर्घ प्रतिकार याची साक्ष देतो.

यानंतर बादशहाने रोख बदलला. येथे आपल्या जिल्ह्याचे पहिले ठिकाण येते, ते म्हणजे सोलापूर शहर. हे ठाणे १६६८ च्या तहाने विजापूरकरांकडून मोगलांकडे आले होते. मे १६८५ मध्ये बादशहा स्वतः सोलापुरी येऊन राहिला आणि येथून विजापूरच्या वेढ्यावर लक्ष ठेवू लागला. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले व एक वर्षाने, सप्टेंबर १६८७ मध्ये, गोवळकोंडाही पडला. आदिलशाही व कुतुबशाही ही दोन्ही राज्ये नष्ट झाली.

मोगलांच्या दृष्टीने १६८५ हा सांधाच होता, कारण त्यांचा उद्देश व रणभूमी दोन्ही बदलली. मराठ्यांच्या दृष्टीने मात्र तो सांधा नव्हता. त्यांचा राजा, राजधानी, सैन्य व लढण्याची रीत यांत कोणताही मूलभूत बदल झाला नव्हता. एका पक्षाचा सांधा दुसऱ्या पक्षाचा असतोच असे नाही, हा धडा सोलापूरचा मुक्काम आपल्याला देतो.

या नऊ वर्षांचे मूल्यमापनही काळाच्या ओघात बदलत गेले आहे. उत्तरकालीन बखरींवर विसंबून या कालखंडाला ऱ्हासाचा कालखंड मानण्याची प्रवृत्ती पूर्वी होती. वा. सी. बेंद्रे, डॉ. कमल गोखले आदी संशोधकांनी अस्सल साधनांच्या आधारे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीची पुनर्मांडणी केली. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा अनेक शत्रूंशी एकाच वेळी चाललेला हा झगडा होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

दुसरा टप्पा : १६८९ ते १६९९

जिल्ह्यातील दुसरे ठिकाण अकलूज. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले. ही वार्ता बादशहाला अकलूजच्या मुक्कामी मिळाली. तेथून तो भीमाकाठच्या बहादूरगडाकडे गेला. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची अत्यंत क्रूरपणे हत्या करण्यात आली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले.

येथे पाचही कसोट्यांची उत्तरे बदलतात. राजा गेला, राजधानी गेली, कोश गेला. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज अगोदरच रायगडाबाहेर पडले होते. ते १६८९ च्या अखेरीस तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. रणभूमी शेकडो कोस दक्षिणेकडे पसरली. जिंजीचा वेढा १६९० मध्ये सुरू झाला आणि १६९८ च्या आरंभापर्यंत रेंगाळला.

राजा जिंजीत असताना महाराष्ट्रात लढा कसा चालला, हे या टप्प्याचे मर्म आहे. रामचंद्रपंत अमात्य यांना 'हुकूमतपन्हा' हा किताब व त्याबरोबर निर्णयाचे व्यापक अधिकार देण्यात आले. शंकराजी नारायण व परशुराम त्र्यंबक यांनी किल्ल्यांची व मुलुखाची व्यवस्था सांभाळली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत वेगवान हालचाली करून मोगलांच्या रसदेवर व फौजांवर घाव घातले. मे १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान हा मोगल सरदार मराठ्यांच्या हाती सापडला. पुढे १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथे कासिमखानाचा आणि १६९६ च्या आरंभी बसवपट्टणजवळ हिंमतखानाचा संताजीने नाश केला. १६८९ नंतरच्या या लढ्याला जदुनाथ सरकारांनीही जनयुद्धाचे स्वरूप आल्याचे म्हटले आहे.

मराठ्यांनी स्वतः आपल्या युद्धाचे टप्पे कल्पिले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या सनदेत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली असे क्रमाने जिंकावयाचे प्रदेश नमूद करून त्या त्या यशासाठी सरंजाम कबूल केलेला आहे. राजधानी शत्रूच्या हाती असताना दिल्लीचा उल्लेख करणारा हा कागद त्या काळाच्या मनोवृत्तीवर मोठा प्रकाश टाकतो.

वतने व सरंजाम देऊन सरदारांना लढ्यात टिकवून धरण्याच्या या धोरणाची किंमतही होती. सरदार प्रबळ होत गेले व मध्यवर्ती सत्ता पुढील काळात शिथिल झाली. परंतु १६८९ च्या आपत्तीत राज्य तरले ते अधिकार अनेक हातांत वाटले गेल्यामुळे, हेही तितकेच खरे आहे.

ब्रह्मपुरीची छावणी : सांध्याचे स्थान

तिसरे ठिकाण ब्रह्मपुरी. मे १६९५ मध्ये बादशहा येथे आला तेव्हा त्याचा विश्वास सरदारांवर होता. जिंजीवर झुल्फिकारखान होता, अन्यत्र इतर सेनानी होते. बादशहा मध्यभागी राहून हुकूम सोडीत असे. भीमेच्या पलीकडील तीरावर, मोहोळ तालुक्यातील बेगमपूर येथे असलेली कबर बादशहाच्या मुलीची असल्याचे परंपरेने मानले जाते. एवढा दीर्घ मुक्काम केवळ लष्करी तळ राहत नाही, तो एक चालते-बोलते नगरच बनतो.

जिंजी पडली, पण राजाराम महाराज तत्पूर्वीच निसटले आणि १६९८ मध्ये महाराष्ट्रात परतले. सातारा हे राज्याचे नवे केंद्र झाले. जिंजीच्या वेढ्यासाठी खर्ची पडलेली आठ वर्षे निष्फळ ठरली. आता वृद्ध बादशहाने निराळा निर्णय घेतला. ऑक्टोबर १६९९ मध्ये त्याने ब्रह्मपुरी सोडली. कुटुंबकबिला व अवजड सामान वजीर असदखानाच्या देखरेखीखाली येथेच ठेवून, मराठ्यांचे किल्ले एकामागून एक स्वतः जातीने जिंकावयाचे, असा त्याचा निश्चय होता.

उद्देश बदलला, रणभूमी कर्नाटकातून सह्याद्रीत आली, पद्धत बदलली आणि रसदेची व्यवस्था तळ व फिरती फौज अशी दुभंगली. पाचांपैकी चार कसोट्या या एका कूचाने बदलल्या.

तिसरा टप्पा : १६९९ ते १७०७

वसंतगड नोव्हेंबर १६९९ मध्ये पडला. डिसेंबरात साताऱ्याला वेढा बसला. हा वेढा चालू असतानाच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. एप्रिलमध्ये सातारा व जूनमध्ये परळी मोगलांनी घेतली. पुढे १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड व तोरणा हे किल्ले बादशहाकडे गेले. यांतील बहुतेक किल्ले द्रव्य देऊन व वाटाघाटी करून मिळविलेले होते. तोरणा मात्र हल्ला करून घेतला गेला.

चौथे ठिकाण याच टप्प्यातील आहे. परळी घेतल्यावर बादशहाची छावणी सांगोले तालुक्यातील खवासपूर येथे माण नदीच्या पात्रालगत पडली होती. ऑक्टोबर १७०० च्या आरंभी, मध्यरात्री, अकस्मात आलेल्या पुराने छावणीत हाहाकार माजला. माणसे, जनावरे व तंबू वाहून गेले. धावपळीत बादशहाच्या उजव्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याला कायमचा लंगडेपणा आला. एरवी कोरडी असणारी माण नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या प्रसंगाचे आश्चर्य वाटेल. सह्याद्रीतील पाऊस, चिखल, ओढे आणि रसदेचे हाल यांनी मोगल सैन्याला कसे जर्जर केले, याचे हे एक उदाहरण आहे.

एका बाजूने किल्ले जात असताना दुसऱ्या बाजूने मराठी फौजा मोगल मुलुखात खोल शिरत होत्या. नर्मदा ओलांडून त्या माळव्यात गेल्या. १७०६ मध्ये गुजरातेत धनाजी जाधवांनी मोगलांचा पराभव केला. बादशहाने १७०५ मध्ये वागिणगेऱ्याचा शेवटचा वेढा पूर्ण केला, तो आजारी पडला आणि १७०६ च्या आरंभी अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) परतला. पुढील वर्षी तेथेच त्याचा अंत झाला. जिंकलेले अनेक किल्ले त्याच्या हयातीतच वा मृत्यूनंतर लवकरच मराठ्यांनी परत मिळविले.

सीमारेषा १७०० की १६९९?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रूढ विभागणीत तिसरा टप्पा मार्च १७०० पासून सुरू होतो. परंतु त्या महिन्यात युद्धात काय बदलले? साताऱ्याचा वेढा जसा चालू होता तसाच चालू राहिला. बादशहाचा बेत पाच महिन्यांपूर्वी ठरला होता, तोच पुढे रेटला गेला. मराठ्यांची लढण्याची रीत बदलली नाही. युद्धाचा सांधा शोधावयाचा तर तो राजाच्या मृत्यूत नव्हे, तर ऑक्टोबर १६९९ मधील ब्रह्मपुरीच्या कूचात सापडतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. जिंजी १६९८ मध्येच पडली, मग तोच सांधा का मानू नये, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर असे की, जिंजी पडल्यावरही पावणेदोन वर्षे मोगलांचे नवे धोरण प्रत्यक्षात आले नव्हते. सांधा हा पुष्कळदा रेघेसारखा नसून पट्ट्यासारखा असतो. १६९८ मध्ये जुना टप्पा संपत आला आणि १६९९ मध्ये नवा सुरू झाला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १७०० ची रेघ पुसली तर महाराणी ताराबाईंचे कर्तृत्व झाकोळले जाणार नाही काय? वास्तविक उलट घडते. १६८९ आणि १७०० ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. १६८९ मध्ये राजा गेला आणि एका वर्षाच्या आत राजधानी व राजकुटुंब शत्रूच्या हाती पडले. १७०० मध्येही राजा गेला; मोगलांच्या छावणीत युद्ध संपल्याची आशा निर्माण झाली; पण राज्य कोसळले नाही. पंचविशीतील ताराबाईंनी आपल्या अल्पवयीन पुत्रास गादीवर बसवून सूत्रे हाती घेतली आणि लढा खंडित न होता उलट शत्रूच्या प्रदेशात गेला. युद्धात खंड पडू दिला नाही, हेच त्यांचे कर्तृत्व होय. १७०० मध्ये सांधा दिसत नाही, याचे श्रेय त्यांच्याकडे आणि मधल्या दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या व्यवस्थेकडे जाते. केवळ कारकिर्दींची नावे पाठ केली तर ही तुलना नजरेतून निसटते.

आरंभ, अंत आणि तारखा

टप्प्यांप्रमाणेच युद्धाचा आरंभ व अंत हेही ठरवावे लागतात. १६८१ हा आरंभ मानला जातो, कारण बादशहा त्या वर्षी स्वतः दक्षिणेत उतरला. परंतु मराठे व मोगल यांचा झगडा शिवछत्रपतींच्या काळापासून चालू होता. १७०७ हा अंत मानला तर तो बादशहाच्या मृत्यूचा अंत ठरतो. चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून १७१९ मध्ये मिळाल्या, तेव्हा राजकीय निकाल लागला असेही म्हणता येईल.

तारखांबाबतही सावधगिरी हवी. काही ग्रंथांत जुन्या इंग्रजी पंचांगाच्या, तर काहींत सुधारित पंचांगाच्या तारखा असतात. त्यामुळे औरंगजेबाचा मृत्यू कोठे २० फेब्रुवारी १७०७ तर कोठे ३ मार्च १७०७ असा आढळतो. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत.

अध्यापनासाठी काही सूचना

शिक्षकांनी हा पाठ शिकविताना फळ्यावर प्रथम जिल्ह्याचा नकाशा काढावा. सोलापूर १६८५, अकलूज १६८९, ब्रह्मपुरी १६९५ ते १६९९ आणि खवासपूर १७०० अशी चार ठिकाणे त्यात दाखवावीत. प्रत्येक ठिकाणी पाच कसोट्यांचे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत आणि सांधा कोठे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. एखाद्या विद्यार्थ्याने निराळे वर्ष निवडले व त्याला कारण देता आले, तर ते उत्तर चुकीचे मानू नये.

ग्रामपंचायतींनाही यात काही करता येण्यासारखे आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रायगड, राजगड व पन्हाळ्याबरोबर तमिळनाडूतील जिंजीही त्यात आहे. या किल्ल्यांना जोडणाऱ्या इतिहासाचे काही दुवे आपल्या जिल्ह्यातील गावांत आहेत. तेथे काय घडले आणि त्यामुळे युद्धाला कोणते वळण लागले, हे दोन-चार वाक्यांत सांगणारा साधा फलक लावण्यास फार खर्च येत नाही. मजकूर मात्र जाणकारांकडून तपासून घ्यावा, आणि परंपरा कोणती व कागदोपत्री पुरावा कोणता, हे त्यात वेगळे दाखवावे.

माचणूरच्या घाटावर सहलीला आलेल्या मुलांना 'येथे औरंगजेब राहिला होता' एवढेच सांगून थांबू नये. साडेचार वर्षे येथे बसून, सारे साम्राज्य दिमतीला असूनही, हे युद्ध त्याला जिंकता आले नाही. म्हणून त्याला येथून उठावे लागले, हेही त्यांना सांगितले पाहिजे.